सॅम्पल साइज विचारण्याआधी

फिजिओथेरपी, विशेष शिक्षण, बालरोगशास्त्र, समाजकार्य या क्षेत्रांतली मंडळी दिव्यांग मुलं आणि त्यांच्या कुटुंबांवरच्या संशोधनासाठी अनुदानाचे अर्ज लिहितात. अर्ज पाठवायला चार-सहा दिवस उरले की संख्याशास्त्राच्या विभागात फोन जातो, "सर, बाकी सगळं तयार आहे. फक्त सॅम्पल साइज काढून द्या." सर दोन-तीन प्रश्न विचारतात, फोन करणाऱ्याकडे त्यांची उत्तरं नसतात. मग एखाद्या जुन्या शोधनिबंधातले आकडे घेऊन एक संख्या काढली जाते आणि ती अर्जात बसते. परीक्षकांच्या समितीत संख्याशास्त्र जाणणारं कुणी असेल, तर त्याची नजर आधी तिथेच जाते. अर्ज परत येतो.

अर्ज मंजूर झाला तर नुकसान आणखी मोठं आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला कडेवर घेऊन, दोन एसटी बदलून जिल्ह्याच्या गावी येणारी आई त्या दिवसाची मजुरी बुडवून आलेली असते. तिच्याकडून पाऊण तास प्रश्नावली भरून घ्यायची, मुलाच्या तीन चाचण्या करायच्या आणि तीन वर्षांनी अहवालात लिहायचं की सहभागींची संख्या कमी पडल्यामुळे काही ठामपणे सांगता येत नाही. हा त्या आईवर अन्याय आहे. दिव्यांगत्वाच्या संशोधनात संख्याशास्त्रज्ञाचं काम कुठून सुरू होतं, हे मी याच जागेवरून पाहतो. सहभागी कुटुंबांनी दिलेला वेळ वाया जाऊ नये, यासाठी तो माणूस हवा असतो.

आर. ए. फिशर १९३८ साली कोलकात्यात भारतीय सांख्यिकी परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते. प्रयोग उरकल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे त्याला शवविच्छेदनासाठी बोलावणं, प्रयोग कशानं मेला एवढंच तो फार तर सांगू शकेल, अशा अर्थाचं त्यांचं त्या भाषणातलं विधान आज जगभर सांगितलं जातं. ते आपल्याच देशात उच्चारलं गेलं होतं, हे आपल्याकडच्या संशोधकांनी तरी विसरू नये.

तर मग जायचं कधी? प्रश्न कच्चा असताना. अर्जाच्या तारखेआधी निदान तीन महिने, आणि त्याहून आधी जमलं तर उत्तमच. पहिल्या भेटीला प्रोटोकॉलची जाडजूड फाइल नेऊ नका, एक पान न्या. त्यावर साध्या मराठीत लिहा, की तुम्हाला काय जाणून घ्यायचं आहे, कुणाबद्दल, आणि उत्तर मिळालं तर कोण काय वेगळं करेल. "पालक-प्रशिक्षणाच्या परिणामकारकतेचा अभ्यास" हा प्रश्न नव्हे, ते शीर्षक झालं. "आशाताईंनी आठवड्यातून एकदा घरी जाऊन आईला मुलाला बसवण्याच्या, भरवण्याच्या पद्धती शिकवल्या, तर सहा महिन्यांनी आईवरचा ताण कमी होतो का?" हा प्रश्न. यात कोण, काय, किती दिवसांनी, कशावर परिणाम, हे सगळं आलं. समोरचा माणूस यावर लगेच कामाला लागू शकतो.

त्याच पानाच्या मागच्या बाजूला तुमच्या केंद्राचे आकडे लिहा. ओपीडीच्या रजिस्टरवरून गेल्या वर्षी अशी किती मुलं आली, त्यांतली किती दुसऱ्यांदा आली, किती सहा महिन्यांनंतरही येत होती. हे रजिस्टर चाळायला अर्धा दिवस लागतो आणि बहुतेक लोक तो देत नाहीत. वर्षाला ४० नवी मुलं येणाऱ्या केंद्रानं दोन वर्षांत २०० मुलं नोंदवण्याचं आश्वासन दिलेले अर्ज असतात. परीक्षकाला ते कळायला वेळ लागत नाही.

या भेटीत पहिली अडचण बहुधा व्याख्येची निघते. दिव्यांग कुणाला म्हणायचं? २०११च्या जनगणनेनं आठ प्रकार विचारले आणि देशात २.६८ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के दिव्यांग व्यक्ती नोंदवल्या. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, आणि अनेक सवलतींसाठी किमान ४० टक्के, म्हणजे लक्षणीय दिव्यांगत्वाची अट आहे. दिव्यांगत्व मोजण्याच्या पद्धतींवर काम करणाऱ्या वॉशिंग्टन गटाची सहा प्रश्नांची छोटी प्रश्नावली तर प्रकार विचारतच नाही. दिसणं, ऐकणं, चालणं, आठवणं, स्वतःची कामं करणं आणि संवाद साधणं यांत किती अडचण येते एवढंच ती विचारते, आणि एखाद्या बाबतीत 'खूप अडचण' किंवा 'अजिबात जमत नाही' असं उत्तर आलं की ती व्यक्ती मोजली जाते. तीन व्याख्या, तीन वेगळे समूह. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी ओळखपत्र असलेल्यांनाच घ्यायचं ठरवलंत, तर जिल्हा रुग्णालयापर्यंत हेलपाटे घालू शकलेली कुटुंबं तेवढी तुमच्या अभ्यासात येतील. ज्यांना ते जमलं नाही, ती कदाचित सर्वांत गरजू कुटुंबं, बाहेर राहतील. हे योग्य की अयोग्य, ते तुमच्या प्रश्नावर अवलंबून आहे. पण संख्याशास्त्रज्ञाला हे आपोआप कळणार नाही. प्रमाणपत्र कसं मिळतं, त्यासाठी किती चकरा होतात, हे तुम्हीच सांगायचं.

प्रमाण ठिकाणानुसार किती बदलतं, याचं एक उदाहरण नेहमी जवळ ठेवावं असं आहे. इन्क्लेन या संशोधन संस्थेनं २ ते ९ वर्षांच्या ३,९६४ मुलांची पाहणी पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा या पाच ठिकाणी केली. तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. सहा वर्षांखालच्या गटात मेंदूच्या विकासाशी निगडित अडचणींचं प्रमाण एका ठिकाणी २.९ टक्के, तर दुसऱ्या ठिकाणी १८.७ टक्के निघालं. पुण्या-मुंबईतल्या एका रुग्णालयाचा आकडा गडचिरोलीच्या अर्जात घालताना एवढी तफावत डोळ्यांसमोर असावी.

आता हिशेबाकडे. एखाद्या तालुक्यातलं दिव्यांगत्वाचं प्रमाण काढायचं आहे, ते सुमारे २.२ टक्के असेल असा अंदाज आहे आणि अर्ध्या टक्क्याच्या आत-बाहेरची अचूकता हवी आहे. साध्या यादृच्छिक नमुन्यात यासाठी ३,३०० च्या आसपास माणसं लागतात. गावं निवडून त्यांतली घरं घेतली, तर संख्या आणखी वाढते. एवढं करून हाती किती दिव्यांग व्यक्ती लागतील? सगळ्या वयांच्या मिळून साधारण ७३. तुम्हाला जर दिव्यांग मुलांच्या कुटुंबांचा अभ्यास करायचा असेल, तर हा रस्ता तुमच्या कामाचा नाही, हे याच भेटीत समजतं आणि वर्षभराची पायपीट वाचते. मग अंगणवाडी, समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक, ग्रामपंचायतीची नोंद, पालक संघटना अशा वेगवेगळ्या याद्या एकत्र करून मुलं शोधण्याच्या पद्धतींवर बोलणं सुरू होतं.

कुटुंबाचा अभ्यास म्हटला की आणखी एक गोष्ट येते, आणि माझ्या मते या विषयातली ती सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. अभ्यासाचं एकक कोण? मूल, आई, जोडपं की घर? समजा, ६० कुटुंबांतल्या आई आणि वडील दोघांकडूनही प्रश्नावली भरून घेतली. कागद १२० झाले, म्हणून सहभागी १२० होत नाहीत. एकाच घरात राहणाऱ्या दोघांची उत्तरं एकमेकांशी मिळतीजुळती असतात. त्यांच्यातला सहसंबंध ०.५ असेल, तर सरासरी काढण्याच्या दृष्टीनं या १२० कागदांचं मोल सुमारे ८० स्वतंत्र माणसांएवढंच उरतं. हे ध्यानात न घेता साधी टी-टेस्ट लावली की फरक आहे त्यापेक्षा ठळक दिसतो.

पण हाच सहसंबंध दुसऱ्या प्रश्नात मदतीला येतो. आईवरचा ताण वडिलांपेक्षा जास्त असतो का, हे विचारायचं असेल तर एकाच घरातल्या दोघांची तुलना केल्यामुळे घराघरातले फरक, म्हणजे पैसा, गाव, मुलाच्या अडचणीची तीव्रता, आपोआप बाजूला होतात आणि कमी कुटुंबांत उत्तर मिळतं. आईच्या ताणाचा वडिलांच्या झोपेवर परिणाम होतो का, असा आडवा प्रश्न असेल, तर जोडप्यांसाठीची वेगळी मॉडेल्स आहेत. भावंडांचं तसंच. दिव्यांग मुलाच्या भावाची तुलना शेजारच्या मुलाशी करायची की त्याच घरातल्या दुसऱ्या भावंडाशी, यावर सगळी आखणी बदलते. म्हणून संख्याशास्त्रज्ञ "नेमकी तुलना कुणाशी?" असं पुनःपुन्हा विचारतात, तेव्हा वैतागू नका.

मुख्य काळजी कोण घेतं, हेही आधीच ठरवायला हवं. कागदावर आपण 'माता' लिहितो. प्रत्यक्षात आई कामावर जाते आणि मूल आजीपाशी असतं. पहिली प्रश्नावली आईनं भरली आणि सहा महिन्यांनंतरची आजीनं, तर त्या दोन आकड्यांच्या वजाबाकीला अर्थ राहत नाही. दोन्ही वेळी तीच व्यक्ती हवी, ती नसेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं, असं प्रोटोकॉलमध्ये लिहा आणि त्या दुसऱ्या फेरीचा प्रवासखर्च बजेटमध्ये धरा.

आता त्या घरी जाऊन शिकवण्याच्या अभ्यासाचं गणित मांडू. आईवरचा काळजीचा भार ० ते ८८ गुणांच्या मापनीवर मोजायचा आहे. गुणांचं प्रमाण विचलन १४ आहे असं धरू. प्रशिक्षणानं सरासरी ७ गुणांचा फरक पडावा, अशी अपेक्षा आहे. फरक भागिले विचलन, म्हणजे अर्धा. फरक खरोखर असेल तर तो सापडण्याची शक्यता ८० टक्के असावी आणि सार्थकतेची पातळी नेहमीची ५ टक्के ठेवावी, तर प्रत्येक गटात ६४ माता लागतात. दोन गटांत १२८.

इथेच अनेक जण थांबतात. खरं तर बोलणं इथून सुरू व्हायला हवं. एकाच गावातल्या दोन मातांपैकी एकीला शिकवायचं आणि दुसरीला नाही, हे शक्य नाही. त्या पाणवठ्यावर भेटणार आणि बोलणार. म्हणून गावंच्या गावं चिठ्ठीनं दोन गटांत वाटायची. एका गावातल्या मातांची उत्तरं थोडीफार सारखी असतात. ती सारखेपणाची मात्रा ०.०५ धरली आणि प्रत्येक गावातून १० कुटुंबं घेतली, तर संख्या १.४५ पट होते, म्हणजे १८६. पाचातलं एक कुटुंब मध्येच गळेल असं धरलं तर नोंदवायची कुटुंबं २३२, गावं २४. तेच प्रत्येक गावातून पाचच कुटुंबं घेतली, तर १९२ कुटुंबं पुरतात, पण गावं जवळजवळ ४० लागतात. माणसं कमी, प्रवास जास्त. जीपचं भाडं, आशाताईंचं मानधन आणि पावसाळ्यातले रस्ते तुम्हाला माहीत असतात, गुणोत्तर संख्याशास्त्रज्ञाला माहीत असतं. दोघांनी शेजारी बसून हे चार-पाच पर्याय मांडले की अर्जातलं बजेट आणि सॅम्पल साइज एकमेकांशी जुळतात. बऱ्याच अर्जांत ते जुळत नाहीत, कारण दोन्ही वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या दिवशी लिहिलेले असतात.

संख्या कमी करण्याचे प्रामाणिक मार्गही असतात, ते विचारा. सुरुवातीलाही तीच मापनी भरून घेतली आणि विश्लेषणात ते गुण धरले, तर उपयोग होतो. पहिल्या आणि नंतरच्या गुणांतला सहसंबंध ०.६ असेल, तर व्यक्तीनिहाय वाटणीच्या अभ्यासात ६४ च्या जागी ४१ माता पुरतात. सेरेब्रल पाल्सीत मुलाच्या हालचालीची पातळी जीएमएफसीएसच्या पाच टप्प्यांवर पाहून वाटणी केली, तर सगळी तीव्र अडचणीची मुलं योगायोगानं एकाच गटात जाण्याचा धोका टळतो.

आणि ते ७ गुण आले कुठून? हा या सगळ्या गणिताचा कणा आहे, आणि त्याचं उत्तर संख्याशास्त्रज्ञाकडे नसतं. पुस्तकात ०.५ ला 'मध्यम परिणाम' म्हटलंय म्हणून तो घेतला, असं लिहू नका. किती फरक पडला तर आईला रात्री झोप लागेल, ती भावंडाच्या शाळेच्या सभेला जाऊ शकेल, हे आयांनाच विचारा. सात-आठ आयांशी शांतपणे बोललं, मापनीतल्या प्रश्नांवरून हात फिरवत 'यातलं काय बदललं तर तुम्हाला हायसं वाटेल' असं विचारलं, तरी अर्जात लिहिण्याजोगं समर्थन मिळतं. छोट्या पायलट अभ्यासात दिसलेला फरक उचलून त्यावर मोठा हिशेब रचणं धोक्याचं असतं, कारण वीस-पंचवीस माणसांतला फरक फार डळमळीत असतो. पायलट करावा तो वेगळ्या गोष्टींसाठी. विचारलेल्या दहांपैकी किती कुटुंबं तयार होतात, प्रश्नावली भरायला किती वेळ लागतो, कुठल्या प्रश्नाला लोक गप्प बसतात, हे त्यातून कळतं.

गोव्यातल्या संगाथ संस्थेचा आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या संशोधकांचा मिळून झालेला 'पास' हा अभ्यास या क्षेत्रातल्या प्रत्येकानं मुळातून वाचावा. स्वमग्न मुलांच्या पालकांना मुलाशी संवाद साधायला शिकवायचं, आणि शिकवणारे तज्ज्ञ डॉक्टर नव्हे तर प्रशिक्षण दिलेले सामान्य आरोग्य कार्यकर्ते, अशी त्याची कल्पना. सहभागी मुलं अवघी ६५. तरीही लॅन्सेट सायकिअॅट्रीसारख्या नियतकालिकानं तो छापला. एवढ्या थोड्या संख्येत उत्तर मिळालं, कारण मोजायची गोष्ट नेमकी निवडली होती. उपचार ज्यावर थेट काम करतो, ते पालकाचं मुलाच्या कलानं बोलणं आणि मुलानं स्वतःहून संवाद सुरू करणं. ते व्हिडिओवरून, कुठलं मूल कोणत्या गटातलं हे माहीत नसलेल्या माणसांनी मोजलं. या दोन्हींत मोठी सुधारणा दिसली. पालक आणि मुलानं एकत्र एका गोष्टीवर लक्ष देण्याचा वेळ मात्र अपेक्षेच्या उलट दिशेला गेला, आणि तेही संशोधकांनी तितक्याच स्पष्टपणे छापलं. 'मुलाच्या आयुष्याची गुणवत्ता' असं काही दूरचं मोजायचं ठरवलं असतं, तर ६५ मुलांत काहीच हाती लागलं नसतं.

मापनीबद्दल बोलताना संकोच करू नका. तिचा मराठी अनुवाद झालाय का, तो मराठी कुटुंबांत तपासलाय का, वापराची परवानगी लागते का, हे भेटीआधी पाहून ठेवा. काळजीवाहूंच्या भारासाठी सर्रास वापरली जाणारी झारिट मापनी मुळात स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांची काळजी घेणाऱ्यांसाठी तयार झाली. चार वर्षांच्या मुलाच्या आईला तिच्यातले काही प्रश्न परके वाटतात, आणि परक्या प्रश्नाला माणूस काहीतरी सरासरी उत्तर देऊन मोकळा होतो. तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना नेहमीच्या चाचणीत सगळ्यांनाच सर्वांत खालचे गुण मिळतात. त्यांच्यात झालेली सुधारणा त्या चाचणीला दिसतच नाही. हे तुम्ही सांगितलं तर संख्याशास्त्रज्ञ दुसरा मार्ग सुचवतील.

एक आग्रहाची सूचना. गुणांचे गट पाडण्याची घाई करू नका. स्वमग्नतेच्या मूल्यांकनाची भारतीय मापनी, जिला सगळे 'इसा' म्हणतात, ४० ते २०० गुण देते. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यावर तीव्र, ही विभागणी प्रमाणपत्रासाठी गरजेची आहे. संशोधनात मात्र १०६ आणि १०७ गुणांची मुलं वेगळ्या पेट्यांत टाकली आणि १०७ व १५३ एकाच पेटीत, तर कष्टानं गोळा केलेली माहिती आपणच फेकून देतो. पूर्ण गुण नोंदवा. गट नंतर केव्हाही पाडता येतात, उलटं करता येत नाही.

गळतीचा प्रश्न मराठवाड्यात आणि अहिल्यानगर जिल्ह्यात काम करणाऱ्यांना वेगळा समजावायला नको. बीडच्या कुटुंबाला एप्रिलमध्ये नोंदवलं आणि सहा महिन्यांनी भेटायचं ठरवलं, तर ते दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघण्याच्या तयारीत असतं, किंवा निघालेलंही असतं. पुढची भेट थेट उन्हाळ्यात. अशी गळती योगायोगानं होत नाही. जी कुटुंबं अधिक गरीब, ज्यांच्या मुलाला कारखान्याच्या कोप्यांवर नेण्यावाचून पर्याय नाही, तीच गळतात. उरलेल्यांवरून काढलेला निष्कर्ष मग सुस्थितीतल्या कुटुंबांचा होतो. कमी पडलेली माहिती भरून काढण्याच्या संख्याशास्त्रीय पद्धती आहेत, पण कुटुंबं का गळली हे माहीत असेल तरच त्या नीट चालतात. त्यामुळे वर्षाचं वेळापत्रक घेऊन बसा. गळीत हंगाम, पेरणी, शाळेच्या सुट्ट्या, परीक्षा, जत्रा. नोंदणी कधी आणि फेरभेट कधी, हे त्यावर ठरवा. दिल्लीतल्या परीक्षकाला हे ठाऊक नसतं. अर्जात दोन वाक्यांत लिहिलंत, तर तुम्ही त्या लोकांना ओळखता हे त्याला कळतं.

विश्लेषण कसं करणार, हेही अर्जातच ठरलं पाहिजे. मुख्य मोजमाप एकच ठेवा. वीस गोष्टी मोजल्या आणि उपचाराचा काहीच उपयोग नसला, तरी ५ टक्क्यांच्या पातळीवर त्यातली एखादी सार्थक निघण्याची शक्यता बरीच असते. नंतर तीच पुढे करून शोधनिबंध लिहिणं ही फसवणूक आहे, मग ती नकळत झालेली का असेना. ज्या कुटुंबाला ज्या गटात टाकलं, त्याला विश्लेषणातही त्याच गटात मोजायचं, ते अर्ध्या भेटींनाच आलं असलं तरी. मुलगे आणि मुली, शहर आणि खेडं असे पोटगट पाहायचे असतील तर ते आधी लिहून ठेवा आणि त्यांची संख्या पुरेशी आहे का ते विचारा. बहुतेक वेळा ती नसते. उपचाराची चाचणी असेल तर ती सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत पहिला सहभागी घेण्याआधी नोंदवावी लागते. एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंद करता येत नाही. नोंदणीच्या अर्जातले बरेच रकाने संख्याशास्त्रज्ञाशिवाय नीट भरता येत नाहीत.

मुलं फार थोडी असतील, एखाद्या दुर्मीळ आजाराची बारा-पंधराच, तर निराश होऊ नका. एकेका मुलाचं वारंवार मोजमाप करून उपचाराआधीची आणि नंतरची रेषा पाहण्याच्या शिस्तशीर पद्धती आहेत. सगळ्या केंद्रांना उपचार द्यायचाच असेल तर कुणाला आधी आणि कुणाला नंतर, हे चिठ्ठीनं ठरवूनही उत्तर मिळतं.

असा संख्याशास्त्रज्ञ शोधायचा कुठे? वैद्यकीय महाविद्यालयाच्या कम्युनिटी मेडिसिन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या पीएसएम विभागात संख्याशास्त्राचे अध्यापक असतात. पाहणीच्या कामासाठी देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत जाणकार आहेत. विद्यापीठांचे संख्याशास्त्र विभाग आहेत, फक्त तिथल्या प्राध्यापकांना आरोग्याचा अनुभव किती आहे ते विचारून घ्या. तुम्हाला स्वतःला पाया पक्का करायचा असेल, तर चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेचा संशोधनपद्धतीचा ऑनलाइन प्राथमिक अभ्यासक्रम करा. त्यानं तुम्ही संख्याशास्त्रज्ञ होणार नाही, पण समोरच्याचे प्रश्न समजू लागतील.

संख्याशास्त्रज्ञांना मदतनीस समजून वागवू नका. अर्जात सहसंशोधक म्हणून नाव घाला, तीन वर्षांतला त्यांचा किती वेळ लागणार ते ठरवा आणि त्याचे पैसे बजेटमध्ये दाखवा. माहितीची नोंद आणि तपासणी करणाऱ्या माणसाचा पगार वेगळा धरा, कारण एक्सेलच्या विस्कळीत फाइली दुरुस्त करण्यात संख्याशास्त्रज्ञाचे महिने जातात आणि विश्लेषणाला वेळ उरत नाही. आखणीत आणि लेखनात ज्यांनी खरं योगदान दिलंय, त्यांचं नाव लेखकांत असलं पाहिजे. शेवटी आभारात एक ओळ टाकून हे भागवण्याची आपल्याकडची रीत चुकीची आहे. छोट्या संस्थांकडे पैसे नसतात, हे खरं. मग निदान स्पष्ट बोला: आत्ता मानधन नाही, अनुदान मिळालं तर इतकं मिळेल, नाही मिळालं तर अमुक एक शोधनिबंध आपण मिळून लिहू.

त्यांचं म्हणणं समजलं नाही तर पुन्हा विचारा, तिसऱ्यांदाही विचारा. न समजलेलं वाक्य अर्जात घातलं की मुलाखतीत ते तुम्हालाच समजावून सांगावं लागतं. आणि पटलं नाही तर तसं म्हणा. "सहा वर्षांखालची मुलं वगळा, गणित सोपं होईल" असा सल्ला आला, तर लवकर उपचाराची गरज त्याच वयात सर्वांत जास्त असते, हे सांगणं तुमचं काम आहे.

निदान एका बैठकीला एखादे पालक आणि शक्य असेल तर स्वतः दिव्यांग असलेली प्रौढ व्यक्ती सोबत असू द्या. त्यांचा प्रवासखर्च द्या, तास-दीड तासाहून जास्त बसवून ठेवू नका आणि चर्चा मराठीत करा. चार प्रश्नावल्या एका दिवशी भरायला लावल्यात तर मूल रडायला लागेल आणि आई शेवटच्या दोन अर्धवट सोडेल, हे ते पाच मिनिटांत सांगतात. ते ऐकून संख्याशास्त्रज्ञ एक मापनी वगळायला तयार होतात. एरवी हे पहिल्या पन्नास कुटुंबांनंतर, रिकाम्या रकान्यांवरून कळलं असतं.

अभ्यास संपल्यावर प्रत्येक सहभागी कुटुंबाला एक पानाचा मराठी अहवाल द्यायचा, हेही याच टप्प्यावर ठरवा. आकडे सोपे करून सांगणं हे कौशल्याचं काम आहे आणि त्याला संख्याशास्त्रज्ञाचे तास लागतात. ते तास, छपाई आणि टपालखर्च आत्ताच, अर्जाच्या बजेटमध्ये लिहून टाका.